खांद्यासकट शिकलेली धार

घरात मूठभर कोंडा शिल्लक असेल तोवर घरजावई होऊ नये, अशी आमच्याकडे म्हण आहे. आमचं बंदरावर मासळीचं दुकान. कोंडा घरात नव्हताच, त्यामुळे मी म्हण मोडली असं कुणाला म्हणता येणार नाही. दोन थोरल्या भावांनी दुकान वाटून घेतलं आणि माझ्या वाट्याला चिझुरु आली. ती क्योतोच्या अलीकडल्या एका गावातल्या ओनोदेरा न्हाव्याची एकुलती एक मुलगी. मी आडनाव बदलायला तयार होतो, धंदाही बदलायला तयार होतो. ओनोदेरा मास्तरांनी फक्त एक अट घातली.

"तू दगडावर धार लावलेला वस्तरा ज्या दिवशी मी माझ्या गालावर फिरवून घेईन, त्या दिवशी लग्नाची तारीख काढू."

अट घातली तेव्हा झाडांची पानं गळत होती. आता बर्फ वितळून गेलं होतं, आणि माझ्या वस्तऱ्याला घाबरेल असा एकही केस गावात सापडत नव्हता.

आमच्याकडे उस्ताद शिकवत नसतो. शिष्यानं नजरेनं चोरायचं असतं. काही विचारणं म्हणजे चोरानं मालकालाच उठवून तिजोरीची किल्ली मागणं. म्हणून रोज सकाळी मागच्या अंगणात मास्तर दगडापाशी बसले की मी तिरका बसून चोरायला लागायचो. दगड त्यांच्या आजोबांपासूनचा, फिक्या चहाच्या रंगाचा. त्याला तान्ह्या बाळासारखं पंच्यात गुंडाळून ठेवायचे. त्यावर चार थेंब पाणी, मग चिमुकल्या दगडानं घासून दुधासारखा पातळ गाळ, मग वस्तरा आडवा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. पुढे, पाठीवरून उलटा, मागे. मास्तरांचा वस्तरा असा सरके की जणू दगडालाच गुदगुल्या होतायत.

परीक्षा घ्यायची म्हणजे मास्तर स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटायचे, चिमटीत धरायचे आणि त्याला धार टेकवायचे. केस तुटला तर पास. मुळात त्यांच्या डोक्यावर केस बेताचेच होते. सहा महिन्यांत मी त्यांना जवळजवळ एकट्यानं टकलं केलं.

"हा बांगडा आहे का?" सुरुवातीला ते ओरडायचे. "किती दाबतोस! खवलं काढतोयस का?"

हात हलका व्हायला हिवाळा गेला. पण हात हलका झाला तरी वस्तरा अर्धाच लागायचा. टोकाकडून केस कापला जायचा, मुठीकडून नुसता वाकायचा.

"छान," मास्तर म्हणाले. "आता अर्ध्या गालाचं गिऱ्हाईक शोधून आण."

मी दगड सपाट केला. पाणी बदललं. विहिरीचं आणलं, झऱ्याचं आणलं. उपाशीपोटी धार लावून पाहिली, भरल्या पोटी लावून पाहिली. वस्तरा अर्धाच. एकदा दगडाला हात जोडून विनवणी केली. दुसऱ्या दिवशी त्यालाच शिव्या दिल्या. दगडानं दोन्ही सारख्याच शांतपणे ऐकून घेतल्या, म्हणून आणखी चिडलो.

एका दुपारी चिझुरु अंगणात आली. ती एरवी पुढं दुकानात असायची, मागं काय चाललंय ते तिला फक्त ओरडण्यावरून कळायचं.

"दगडाशी कसला भांडतोस? तो डोंगरातनं आलाय, त्याला घाई नाही."

"मला आहे."

"आणि मला नाही? काल आत्यानं दुसरं स्थळ आणलं. दातांचा डॉक्टर."

"त्याला धार लावता येते?"

"त्याला कुणी विचारलंच नाही. विचारायची गरज नाही म्हणे."

मी वस्तरा दगडावर टेकवला आणि रागारागानं, पण अगदी पद्धतशीर, सुरू झालो. चिझुरु बघत उभी राहिली.

"शुंपेई, तुझाही उजवा खांदा दुखतो का रे?"

"नाही. का?"

"मग तो कानापर्यंत का नेलायस?"

"पद्धत आहे ती. मास्तर असाच वर ठेवतात."

ती मटकन पायरीवर बसली. तोंडावर हात. हसतेय की रडतेय ते मला काही वेळ कळेना.

"अरे, ते दुकानाची पाटी पुसताना शिडीवरून पडले होते! तेव्हापासून खांदा खाली येत नाही त्यांचा!"

सहा महिने. सहा महिने मी एका माणसाचं दुखणं मन लावून चोरत होतो. मास्तरांचं मनगट खांदा बिघडायच्या आधीच तयार झालेलं, ते वरच्यावर सांभाळून घ्यायचं. माझ्या मनगटाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खांदा वर गेला की मूठ उचलली जायची आणि अर्धी धार हवेला लागायची.

मी तसाच दुकानात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा उस्तादाला प्रश्न विचारला.

"मास्तर, तुम्ही खांदा वर का धरता?"

"दुखतो म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारायचं नसतं ना!"

"नसतंच. आत्ताही नसतं." मास्तर भडकले. "पोरा, उस्ताद करतो त्याला कारण असतं. मी वस्तरा उलटवताना दोनदा टाच आपटतो, बघितलंयस? माझे उस्ताद आपटायचे, म्हणून मी आपटतो. मी कधी विचारलं त्यांना?"

"ते का आपटायचे?"

मास्तरांनी आपल्या टाचेकडे बघितलं.

"त्यांच्याकडे मांजर असायचं," ते हळूच म्हणाले. "दगडाच्या चौरंगाखाली येऊन बसायचं."

चाळीस वर्षं मास्तर एका मेलेल्या मांजराला हाकलत होते.

दुसऱ्या दिवशी ते दगडापाशी बसले. वस्तरा उलटवला, टाच उचलली आणि तशीच हवेत धरली. हात थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा टाच उचलली, पुन्हा थांबले. मग त्यांनी पाय दोरीनं चौरंगाला बांधला. मग हातच हलेना. दुपारी तोफूवाले हाचिया दाढीला आले आणि पहिल्याच हाताला खुर्चीतून उडाले.

"ओनोदेरा, वस्तरा आहे की खवणी?"

मास्तरांनी तीन दिवस दुकान बंद ठेवलं. चिझुरु माझ्यावर चिडलेली, मास्तर माझ्यावर चिडलेले, आणि मी त्या मांजरावर. आत्यानं डॉक्टराचा फोटो पाठवून दिला. दात खरंच चांगले होते.

त्या तीन दिवसांत मी खांदा खाली ठेवून धार लावत बसलो. ठेवायचा म्हणजे, चिझुरुनं त्यावर लोणच्याची बरणी ठेवली. बरणी दोनदा पडली, एकदा माझ्या पायावर. तिसऱ्या दिवशी वस्तरा टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा सरकला. परीक्षेसाठी मी माझाच केस घेतला, कारण मास्तरांकडचे जपायला हवे होते. तुटला. मुठीकडूनही तुटला.

संध्याकाळी न्हाव्यांच्या मंडळाची सभा होती आणि मास्तर अध्यक्ष. दाढीचे तीन दिवसांचे खुंट घेऊन न्हाव्यानं न्हाव्यांसमोर जायचं म्हणजे मरणच. ते आरशासमोर उभे राहिले, स्वतःचा वस्तरा अंगठ्यानं चाचपला आणि फेकल्यासारखा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

"बघतोस काय? फेस कर."

मी फेस केला. एका गालावरून माझा वस्तरा फिरला. काही झालं नाही, म्हणजे जे व्हायचं तेच झालं. दुसरा गाल झाला. मग हनुवटीखाली आलो, तसे मास्तर दातांतल्या दातांत पुटपुटले,

"तिथं जपून. मला कापलंस तर लग्नात पोरीच्या शेजारी बाप म्हणून कोण बसेल?"

माझा हात थांबला.

"म्हणजे लग्न आहे?"

"गळ्यावर वस्तरा ठेवून असले प्रश्न विचारतात का, गाढवा?" मास्तर ओरडले. "आणि आता विचारायची सवयच लागलीय याला!"

पडद्याआड चिझुरु फोनवर बोलत होती. आत्याला सांगत होती की डॉक्टरांचे दात फारच सुंदर आहेत, पण ते दुसरीकडे दाखवावेत.