तीन वाजताची सरासरी

शिवणकारखान्यात तयार कपड्यांतली खोट शोधायची, हेच तिचं काम. त्यामुळे एखादी गोष्ट फार नीटनेटकी दिसली की तिला आधी संशय यायचा. आणि लेकाच्या लघवीच्या वहीतला तीन वाजताचा रकाना तर अगदी इस्त्री केल्यासारखा! एकशे वीस मिली, मग वीस. काल तेच, परवाही तेच.

टिंगू पाच वर्षांचा. जन्मतःच त्याच्या लघवीच्या वाटेत पडदा होता. तो कापला, पण तोवर जोर लावून लावून मूत्राशय जाड आणि ताठर झालं होतं. आता दर तीन तासांनी मोजपात्रात लघवी करवायची, पाच मिनिटं थांबून आत उरलेली पुन्हा करवायची आणि दोन्ही आकडे लिहायचे. तुंबत राहिली तर मूत्रपिंडं जातील, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. उद्या वही बघून त्या ठरवणार होत्या: रोज एकदा नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, की नुसत्या वेळा पाळून भागेल.

दुपारी घरी सासरे असत, तीनचे आकडे तेच लिहीत. पाण्याची मीटरं वाचण्यात तीस वर्षं गेलेली, अक्षर मोत्यासारखं. अशा माणसावर संशय घ्यायचा? नवरा म्हणाला, "तुला कावीळ झालीय, सगळं पिवळंच दिसतं." म्हणाला तर म्हणाला!

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तीनला पाच मिनिटं कमी असताना घरी आली आणि आवाज न करता आत शिरली. आधी न्हाणीघर. मोजपात्र फळीवर पालथं, कोरडं ठणठणीत. खोलीत टिंगू गाढ झोपलेला. शेजारी मामंजी मांडीवर वही घेऊन घड्याळाकडे बघत बसलेले. तीन वाजले. त्यांनी लिहिलं, एकशे वीस. खाली वीस.

"मामंजी!"

ते दचकले, पण चोरी पकडल्यासारखे नाही. "अगं, झोपलंय लेकरू. कशाला उठवायचं? घर बंद असलं की मागच्या आकड्यांवरून सरासरी टाकतात. आम्ही तेच करायचो. उठल्यावर करतोच की तो."

"सरासरी? माझ्या पोराची?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ नव्हता. तिनं टिंगूला उचललं. त्यानं भोकाड पसरलं, तरी उभा राहिला. पात्र भरत गेलं. दोनशे साठ. पाच मिनिटांनी पुन्हा ऐंशी.

म्हातारा पात्राकडे बघतच राहिला. आकडे वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला आणखी काय समजावायचं?

"एका बंद घराला मी आठ महिने सरासरी टाकली होती," ते म्हणाले. "आत नळ फुटून भिंत खचली होती गं."

मग त्यांनी महिन्याभराचे तीनचे सगळे आकडे खोडले आणि एकेकापुढे लिहिलं: वाचन घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे वही त्यांनी स्वतः ठेवली, चूकही स्वतःच सांगितली. रोज दुपारी नळी घालायची असं ठरलं. ती कशी घालायची हे दाखवायला नर्सबाईंनी आईला पुढे बोलावलं, तर मामंजीच उठले.

"मला शिकवा. तीन वाजता घरी मी असतो."

तिला अजून पटत नव्हतं. संशय काय, असा एका रात्रीत जातो होय? बाहेर पडताना तिनं सांगूनच टाकलं, "मी न सांगता कधीही येऊन बघेन हं."

"ये की," मामंजी म्हणाले. "घर उघडं असेल."