दसऱ्याला चोंदलेले नाक

मित्रांनो, मी एक जुने नाक आहे. मला चेहरा नाही, डोळे नाहीत. मुठीत मावणारा डबा, पुढे बारीक जाळी आणि वर एक दिवा, एवढाच मी. माझा जन्म अंबडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे मला आधी निरोगी टोमॅटोची पाने हुंगवली, मग करपा रोग पडलेली. झाड आजारी पडले की पानावर डाग दिसण्याआधीच त्याचा वास बदलतो. तुम्हाला तो कळत नाही, मला कळतो. मग माझा दिवा लाल होतो. एरवी तो हिरवा असतो.

गिरणारे गावच्या सुवर्णाताईंनी मला बचत गटातून शेतावर आणले. पहिल्याच फेरीत एका हिरव्यागार झाडापाशी मी लाल झालो. त्यांच्या सासूबाई भिमाबाई हसल्या.

"पान कसं तुकतुकीत हाय! या डब्यालाच सर्दी झाली वाटतं."

पुढे त्याच झाडावर तपकिरी डाग आले. तेव्हापासून भिमाबाई मला 'नाकोबा' म्हणू लागल्या.

दसऱ्याला अवजारांची पूजा असते. विळा, खुरपी, फवारणीचा पंप ओळीने मांडले आणि मधोमध मला पाटावर बसवले. भिमाबाईंनी जाळीवरच हळदकुंकू वाहिले आणि माझ्यासमोर अगरबत्त्या लावल्या. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी प्रत्येक झाडापाशी लाल होऊ लागलो. सुवर्णाताईंचे पती रवीभाऊ हादरले.

"अख्खा प्लॉट गेला! सगळं फवारून घेऊ."

"अहो, थांबा. आज फवारलं तर औषध उतरेपर्यंत तोडा थांबवावा लागंल. पिकलेला माल झाडावरच सडंल."

"आन् नाय फवारलं तर? करपा काय तुझी वाट बघत बसंल?"

एका रात्रीत सगळी झाडे कशी आजारी पडतील, हे सुवर्णाताईंना कळेना. त्यांनी मला बांधावरच्या दगडापाशी धरले. मी लाल. मग सासूबाईंसमोर धरले. तरीही लाल.

"अगं बाई! मला बी करपा झाला का काय?"

रवीभाऊंनाही हसू आले. सुवर्णाताईंनी मात्र माझी जाळी निरखली. ती पिवळी झाली होती.

"आत्याबाई, याच्या नाकात हळद गेली. वर अगरबत्तीचा धूर."

भिमाबाईंचा चेहरा उतरला. "मी तर मानानं केलं गं."

मग त्यांनीच कोरड्या मऊ ब्रशने माझी जाळी साफ केली आणि मला दिवसभर ओट्यावर वाऱ्याला ठेवले. रवीभाऊ भरलेल्या पंपाशेजारी बसून राहिले.

पुढच्या सकाळी ओळीमागून ओळ हिरवी निघाली. फक्त खालच्या कोपऱ्यात दोन झाडांपाशी मी लाल झालो. रवीभाऊंनी ती उपटून पोत्यात भरली आणि तेवढाच कोपरा फवारला. बाकीच्या शेतात तोडा सुरू झाला. दुपारी लाल टोमॅटोंचे क्रेट पिकअपमध्ये चढले.

मित्रांनो, कोणाचीही काळजी घ्या, पण त्याला काय सोसते हे आधी विचारा. मला हळदकुंकू नको, कोरडा ब्रश आणि मोकळी हवा पुरे. एक कुतूहल मात्र उरले आहे. निरोगी झाडाचा वास मी ओळखतो, पण तो छान असतो का, ते मला माहीत नाही. तुम्हाला खरे नाक आहे. एकदा टोमॅटोचे पान हुंगून पाहा आणि मला सांगा.