माझ्या खाचेतली क्लिप

या रे मित्रांनो, टेका इथं. जळक्या माणसांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, आज एका जळक्या पट्ट्याची ऐका.

मी एक जुना सीटबेल्ट आहे. सध्या गॅरेजातल्या खिळ्याला लटकतोय, पण आधी एका छोट्या निळ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटला होतो. कारखान्यात मला ओढून, ताणून, हिसके देऊन तपासलं होतं. बाबा गाडीत बसले की पहिलं मला ओढायचे. खटकन आवाज यायचा आणि मी त्यांच्या छातीवर आडवा पडून ऐटीत कामाला जायचो.

मग मोठा मुलगा गाडी शिकला. नवं लायसन, नवे शर्ट. "इस्त्री मोडते," म्हणायचा. "कोपऱ्यापर्यंत तर जायचंय." मला लावलं नाही की गाडी टुंईटुंई बोंबलायची. त्यावर पठ्ठ्यानं उपाय आणला. एक चपटी, चकचकीत क्लिप. ती माझ्या खाचेत खुपसली की गाडीला वाटायचं पट्टा लागलाय, आणि ती गप्प.

काय सांगू मित्रांनो, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. खाच माझी, आणि आत बसलीय ही बया. काम शून्य. वर त्याचे दोस्त विचारायचे, "भारी आहे रे, कुठून घेतलीस?" माझ्याबद्दल कधी कुणी असं विचारलं? मी दाराकडेला धूळ खात बघत राहायचो. शेजारच्या सीटचा पट्टा त्याची धाकटी बहीण रोज लावायची. तो पट्टा माझा सख्खा भाऊ, पण त्याच्यावरही जळलो.

एका सकाळी बहिणीची परीक्षा होती. दादा तिला सोडायला निघाला. तिनं हात घालून क्लिप उपसली आणि मुठीत धरली. गाडी बोंबलायला लागली.

"चिमणे, दे इकडं."

"नाही देत. पट्टा लाव."

"आईसारखी करू नकोस."

"आईलाच फोन लावू का मग?"

"डोकं उठवलंत दोघींनी, तू आणि या गाडीनं. घे, लावला."

खटकन. कितीतरी महिन्यांनी मी माझ्या घरी आलो.

पुढच्याच वळणावर गल्लीतून पाण्याचा टँकर उलटा मागे आला. दादानं ब्रेक दाबला, तरी गाडी धडकलीच. त्याचं अख्खं अंग पुढं सुटलं. मी दातओठ खाऊन धरलं. खरं सांगतो, तेवढ्यापुरता मला कुणाचाच हेवा वाटला नाही.

बाबा धावत आले. दोन्ही पोरं धडधाकट. आणि कौतुक कुणाचं? एअरबॅगचं. "फुगा उघडला म्हणून वाचला पोरगा." जन्मभर स्टिअरिंगमध्ये झोपा काढल्या, एकदा फुगला आणि हिरो झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा, याच्या खांद्यावरचा वळ बघा," बहीण म्हणाली. "पट्ट्यानं आधी धरला नसता, तर त्या फुग्यावरच थोबाड फुटलं असतं याचं."

बाबांनी कॉलर बाजूला सारून वळ बघितला. त्यावर हळूच हात ठेवला.

असा झटका खाल्लेला पट्टा परत वापरत नाहीत. म्हणून मिस्त्रीनं मला काढून नवा बसवला. परवा गाडी तेल बदलायला आली होती. जाताना दादानं त्या नव्याला ओढलं, कुणी न सांगता. मी इतका जळलो, की विचारू नका.

तर मित्रांनो, मला जळू द्या इथं खिळ्यावर, माझी सवयच आहे ती. तुम्ही फक्त एवढं करा. गाडीत पुढं बसा नाहीतर मागं, आधी पट्टा ओढा. आणि खाचेत कुणी क्लिप बसलेली दिसली, तर तिला उचलून बाहेर काढा.