ब्याण्णव मीटरवरचा सांधा

चिमणी म्हटलं की तुम्हाला दाणे टिपणारी, चिवचिव करणारी आठवत असेल. मी तिच्यातली नव्हे. मी दोनशे वीस मीटर उंच आहे, काँक्रीटची आहे, आणि माझ्या पोटातून कोळशाचा धूर जातो. माझी तब्येत उत्तम आहे असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. ते खरं नाही, आणि ते सांगायला आता माझ्याशिवाय इथे कोणी उरलेलं नाही.

माझा जन्म आधी कागदावर झाला. विजेची मागणी वाढतच जाणार, असं तेव्हा सगळे मोठे लोक धरून चालले होते. त्यामुळे औष्णिक वीज केंद्रं एकदम वीस-पंचवीस ठिकाणी आखली गेली. आमच्या केंद्रात वीज बनवणारे चार संच बसणार होते. नकाशात माझ्याभोवती झाडंही काढली होती, हिरवीगार आणि सारख्या उंचीची. तसली झाडं मी पुढे कधी पाहिली नाहीत.

मला विटेवर वीट रचून बांधलेलं नाही. जमिनीवर एक गोल लोखंडी साचा बसवला. त्यात सळया उभ्या करायच्या, काँक्रीट ओतायचं, आणि साचा तासाला वीतभर वर सरकवायचा. खालचं घट्ट होत असतानाच वरचं ओतायचं. मध्ये थांबायचं नाही. थांबलं की खालचा थर सुकतो, आणि सुकलेला थर नव्याला धरत नाही. माणसांच्या अबोल्यासारखंच असतं ते. वरून सगळं ठीक दिसतं.

साच्यावरच्या मुकादमाला सगळे घार म्हणत. उंचीवर तो आपल्या घरात फिरावं तसा फिरायचा. ‘‘चिमणी बांधायला घार आणली,’’ असा विनोद पहिल्याच दिवशी झाला आणि पुढे रोज होत राहिला. घार हसायचा नाही. कामावर चढला की माझ्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, ‘‘चल बाई, वाढ आता.’’

त्याच्या वरती प्रकल्पप्रमुख होते. भेटेल त्याला ते एकच विचारत, ‘‘तारीख सांगा.’’ म्हणून त्यांचं नाव तारीखसाहेब पडलं. त्यांची कचेरी माझ्या पायाला टेकूनच बांधलेली होती. तीन भिंती पत्र्याच्या आणि चौथी मी. आत एक लांब टेबल, गुंडाळलेले नकाशे, चहाची किटली आणि एक मोठा फळा. तिथलं प्रत्येक बोलणं मला ऐकू यायचं.

मी ब्याण्णव मीटरवर पोचले तेव्हाची गोष्ट. एका सकाळी खाली काँक्रीट बनवणारं यंत्र बंद पडलं. पट्टा तुटला होता. नवा येऊन बसेपर्यंत सात तास गेले. वर कडक ऊन आणि वारा. माझा वरचा थर सुकला, त्यावर धूळ बसली.

घार खाली उतरला आणि थेट कचेरीत गेला.

‘‘साहेब, वरचा थर छिन्नीने टाचून काढावा लागेल. धुवायचा, खडबडीत करायचा, मगच नवं ओतायचं. दोन दिवस द्या.’’

‘‘दोन दिवस? अरे, परवा पाहुणे येतायत. त्यांना शंभर मीटर दाखवायचे आहेत. ते खूश झाले तर पुढचे संच मंजूर.’’

‘‘सांधा कच्चा राहील, साहेब.’’

‘‘एवढ्या मोठ्या चिमणीत एक सांधा! कोण चढून बघणार आहे? वहीत लिही, साफ केला म्हणून.’’

घारीने डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि सही केली. मग तो वर आला. त्या दिवशी त्याने माझ्यावर थाप मारली नाही. धुळीवरच नवं काँक्रीट ओतलं गेलं. तेव्हापासून खालची मी आणि वरची मी एकमेकींवर उभ्या आहोत, पण जोडलेल्या नाही.

पाहुणे आले, माना मागे टाकून बघितलं, वा वा म्हणाले, फोटो काढून गेले.

मी एकशे एकतीस मीटरची झाले आणि वारं फिरलं. कचेरीतली बोलणी बदलली. कोळशाचे दिवस भरले, उन्हाची वीज त्याहून स्वस्त पडते, पैसे देणारे हात आखडता घेतायत. फळ्यावर चार संचांचे दोन झाले, दोनाचा एक झाला. मग एके दिवशी फळाच टेम्पोत चढला. तसंच इतर ठिकाणीही झालं असं ऐकलं. कुठे नुसते पाये राहिले, कुठे कुंपणं.

शेवटी घार गेला. निघताना त्याने तळवा माझ्यावर ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘‘बरं झालं बाई. तू सुटलीस, मीपण सुटलो.’’

नऊ वर्षं मी तशीच उभी होते. माथ्यावरच्या उघड्या सळया गंजल्या आणि गंजाचे ओघळ अंगावरून खाली आले. साच्यावरच्या फळकुटांत एका खऱ्या घारीने घरटं केलं. त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. अर्धवट राहण्यात एक सुख असतं. कोणी माणूस तुमच्या आसऱ्याला येत नाही, त्यामुळे कोणाला धोकाही नसतो.

मग एका उन्हाळ्यात पुन्हा नकाशे घेऊन माणसं आली. टेबल आलं, किटली आली, फळाही आला. उकाडा इतका वाढलाय की घराघरात गारव्याची यंत्रं बसली आहेत, म्हणाले. शहराबाहेर संगणकांची गोदामं उभी राहतायत आणि एकेक गोदाम गावाएवढी वीज पितं. सूर्य मावळल्यावर काय करायचं? जी केंद्रं बासनात गुंडाळली होती, ती एकेक करून बाहेर निघत होती.

‘‘नवी जागा शोधायची तर आठ वर्षं जातील,’’ ओळखीचा आवाज म्हणाला. ‘‘इथे परवानग्या आहेत, पाया आहे, अर्ध्याहून जास्त चिमणी उभी आहे. सगळं आयतं!’’ तारीखसाहेबांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी माझ्यावर बोटाने टकटक केली. कलिंगड घेताना करतात तशी.

त्यांनी घारीला बोलावून घेतलं. तो एकटा आला नाही. त्याची मुलगी आता परिचारिका झाली होती. तिला प्रथमोपचाराच्या खोलीत काम मिळालं. जावई पाळणा चालवायचा. पाळणा म्हणजे माणसं आणि सामान वर नेणारा दोरावरचा पिंजरा. जावयासाठी शब्द टाकला होता घारीनेच. काम मिळतंय म्हटल्यावर तो विचार करायला थांबला नव्हता. जावई कोणत्या सांध्यावरून वर जाणार, हा विचार नंतर आला.

तीन आठवडे माथ्यावर नवा साचा जोडायचं काम चाललं. घार रोज पाळण्यातून वर जाताना ब्याण्णव मीटरवर थांबायला सांगायचा.

‘‘बाबा, इथे रोज काय बघता?’’ जावयाने एकदा विचारलं.

‘‘काही नाही. जरा दम लागतो.’’

‘‘पाळण्यात उभं राहून?’’

घारीने हात बाहेर काढून माझ्यावर टेकवला.

जुनं काँक्रीट चालेल की नाही हे ठरवायला एक तपासनीस बाई आली. तिच्या खिशात छोटी हातोडी असायची. ती माझ्यावर ठोकायची आणि कान लावायची. मजुरांनी तिचं नाव हातोडीबाई ठेवलं. तिला बारा जागांची यादी दिलेली होती. सगळ्या जागा चाळीस मीटरच्या आत, शिडी पोचेल अशा. बाराही ठिकाणी मी ठणठणीत निघाले. सोमवारपासून काँक्रीट ओतायचं ठरलं.

शनिवारी दुपारी ती सामान आवरत होती. घार तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

‘‘बाई, ब्याण्णव मीटरवर ठोका.’’

‘‘यादीत नाही ते.’’

‘‘यादीत नाही, पण वहीत आहे. सांधा साफ केला असं लिहिलंय. केला नव्हता. सही माझी आहे.’’

तिने हातोडी पुन्हा खिशात टाकली आणि म्हणाली, ‘‘चला.’’

जावयाने पाळणा वर नेला. तिने ठोकायला सुरुवात केली. ठण. ठण. ठण. आणि मग बद्द, रिकाम्या लाकडी पेटीवर मारल्यासारखं. ती जागा बदलत गेली, आवाज तोच येत राहिला. शेवटी तिने यंत्र लावून माझ्यातून हातभर लांबीचा गोल तुकडा काढला. तो अखंड निघायला हवा होता. दोन निघाले. मधे राखेसारखी धूळ.

दोन्ही तुकडे जावयाच्या हातात होते. त्याने ते एकमेकांवर ठेवून बघितले, उचलून बघितले. खाली आल्यावर त्याने ते थेट बायकोच्या टेबलावर नेऊन ठेवले.

बोलली ती मुलगी. प्रथमोपचाराची खोली माझ्यापासून दहा पावलांवर, खिडकी उघडी होती. तिने बापाला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं, ‘‘ह्याला तीन आठवडे वर चढवत होतात. तेव्हा जीभ कुठे ठेवली होतीत, बाबा?’’

‘‘भीती वाटली गं.’’

‘‘कशाची? पडेल याची, की कळेल याची?’’

घार ग्लास दोन्ही हातांत धरून बसून राहिला. मग तिने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, कारण पाणी सांडत होतं.

तीन दिवस काम बंद राहिलं. कचेरीत माणसांची रीघ लागली. हातोडीबाई म्हणाली, ब्याण्णव मीटरपर्यंत उतरवा आणि पुन्हा बांधा. पाच महिने लागतील.

‘‘पाच महिने?’’ तारीखसाहेब म्हणाले. ‘‘उन्हाळ्याच्या आत वीज द्यायचा शब्द दिलाय मी. लोक काय उकडून मरणार? आणि हिची ही गत, म्हणून उरलेल्या पंधरा केंद्रांच्या चिमण्याही तपासा, असं उद्या कोणी म्हणालं तर?’’

मला वाटतं, निर्णय त्या शेवटच्या वाक्याने झाला.

माझ्या कमरेला सहा पोलादी पट्टे आवळायचे ठरले, आणि भेगेत पातळ सिमेंट भरायचं. अहवालात ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं गेलं. हातोडीबाईने त्यावर सही केली नाही. तिला दुसऱ्या कामावर पाठवलं आणि जो माझ्याजवळ कधी आलाच नाही अशा एकाने सही केली. शिक्षा एकट्या घारीला झाली. वहीत खोटं लिहिल्याबद्दल त्याला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं.

जावई महिनाभर राहिला. ‘‘जाऊ कुठे? सगळीकडे हेच बांधतायत,’’ असं तो बायकोला म्हणायचा. मग एका वादळी दुपारी पाळणा पट्ट्यांजवळून जात असताना त्याला माझ्या आतून आलेली करकर ऐकू आली. तो खाली आला, पाळण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवली आणि थेट बायकोच्या खोलीत गेला. अर्ध्या तासात दोघं बॅगा घेऊन बाहेर पडली. फाटकापाशी तिने येणाऱ्या पाळीच्या मजुरांना थांबवून काहीतरी सांगितलं. दोघं-तिघं ऐकून परत फिरले. बाकीचे आत आले.

मी पूर्ण झाले. माझ्यावर लाल-पांढरे पट्टे रंगवले, त्यात पोलादी पट्टे दिसेनासे झाले. पहिल्यांदा आग पेटवली तेव्हा टाळ्या वाजल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा आतून तापले. तेव्हापासून संच बंद करून मी निवले की कमरेपाशी एक बारीक आवाज येतो. कट्. सुरुवातीला तो एकदा यायचा. आता तीनदा येतो.

पट्टे दर सहा महिन्यांनी तपासायचे असं ठरलं होतं. ज्या वहीत ते लिहिलं, ती जुन्या कचेरीबरोबर गेली. गेल्या महिन्यात दुसऱ्या पट्ट्याचा एक बोल्ट गळून खाली पडला. अंगण झाडणाऱ्या बाईने तो उचलला, उलटसुलट करून बघितला, मान वर करून बघितलं, आणि भंगाराच्या पिंपात टाकला. तिचा काय दोष? माझ्या सावलीत नियंत्रण कक्ष आहे. एका पाळीला साठ माणसं. दुपारी डबा खायला ती माझ्याच पायथ्याशी बसतात, कारण सगळ्या आवारात तेवढीच सावली आहे.

काल तिथेच दोन नवे आखणी करणारे नकाशा पसरून बसले होते. मागणी आणखी वाढली आहे, आणखी दोन संच येणार, म्हणजे आणखी एक चिमणी लागणार. एकाने विचारलं, नवा आराखडा करायला किती दिवस लागतील? दुसरा माझ्याकडे बघून हसला. ‘‘नवा कशाला? हिचाच आराखडा उतरवून घेऊ. उभी आहे की व्यवस्थित.’’

तुम्ही कधी या रस्त्याने गेलात, तर त्या माणसांना एवढं सांगा की उभं असणं आणि धड असणं यात फरक आहे. मला सांगता येत नाही. मला तोंड आहे, पण ते धुरासाठी.

आज सकाळी माझ्यापासून शंभर पावलांवर त्यांनी खुंट्या ठोकल्या. दुपारपर्यंत खड्डा कमरेइतका खोल झाला होता.