ताईचा हात

"एवढा धुऊन दे," भाऊजींनी पिशवीतून हात काढून टेबलावर ठेवला. "पोर उशाशी घेऊन झोपते आणि खोकत राहते. डॉक्टर म्हणाले, धूळ आहे."

हात ताईचा, सिलिकॉनचा. तीन वर्षांपूर्वी तिच्या या भावानंच केलेला. कृत्रिम हात बनवण्यात त्याचा हात धरणारा शहरात दुसरा नव्हता. ताईनं बजावलं होतं, "कडक नको रे. पोरीच्या गालाला टोचायला नको." म्हणून या शहाण्यानं तो प्रमाणाबाहेर मऊ केला. ताई शाळेत शिकवायची, त्याच हातानं फळा पुसायची. आठवड्याभरात हसत परत आली. "अरे, हा हात आहे की चिकटपट्टी? अख्खा फळा घरी घेऊन जाते मी."

"नवा करून देतो की. पुढच्या आठवड्यात."

असे दीडशे आठवडे गेले. गेल्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि ताईच गेली. तेव्हापासून दुकानाचं दार वाजलं की तो हातातलं काम टाकून वर बघे. वाटे, तीच आली, नवा हात मागायला.

त्यानं बोट भिंगाखाली धरलं. खडूचा कण न् कण अर्धा आत रुतलेला, आणि मऊ सिलिकॉन भोवतीनं वर चढून त्याला धरून बसलेलं. साबण झाला, ब्रश झाला, कण ढिम्म हलेनात. शेवटी त्यानं त्याहूनही मऊ जेलची जाड चकती ओतली, ती घट्ट झाल्यावर पंजा तिच्यावर दाबला आणि अलगद उचलला. हात लख्ख. चला, शब्द पाळला एकदाचा, असं त्याला वाटलं. आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी भाची आली. तिनं हात गालाला लावला, हुंगला, पुन्हा लावला.

"मामा, हा तू केलेला हात आहे."

"मग? तोच तर आहे."

"नाही. आईचा कुठंय?"

तो उठला, कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून चकती शोधून काढली. तिच्यावर पांढरा पंजा उमटला होता, पाचही बोटांसकट. त्यानं ती काचेच्या डबीत ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि डबी तिच्यापुढे सरकवली.

"उघडायची नाही हं. खोकला होतो."

पोरीनं मान हलवली. काचेवर पंजा टेकवला, बोटं ताणून पाहिली. ती ठशाच्या टोकांपर्यंत पोचत नव्हती.