एकोणऐंशीची पाटी

"बाकी किती उरली?" हा प्रश्न सरांनी इतक्या वर्गांना विचारला होता की सगळी शाळा त्यांना बाकीसरच म्हणायची. तरुणपणी त्यांनी हातानं भागाकार करकरून एक संख्या शोधली होती: ९९९९९९७९. आठ अंकी संख्यांमधली सर्वांत मोठी मूळ संख्या; एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग न जाणारी. निदान सर तसं सांगायचे, आणि पडताळायच्या फंदात कोण पडतो? विज्ञानाच्या बाई तेवढ्या गालातल्या गालात हसायच्या.

आज सर निवृत्त होणार होते. गणिताच्या वर्गाबाहेर त्यांच्या नावाची पाटी लागायची होती आणि नावाखाली ती संख्या. आयुष्यात मिरवण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

सकाळी ते पाटीवाल्याकडे डोकावले आणि त्यांचं डोकंच फिरलं. पितळी अंकांच्या शेवटी ८९!

"अहो, फोनवर एकोणऐंशी सांगितलं होतं ना मी?"

"तेच लावलंय की, सर. ऐंशी आणि नऊ."

"एकोण म्हणजे एक कमी! ऐंशीला एक कमी! कुठल्या शाळेत होतात?"

"तुमच्याच," पाटीवाला मान खाली घालून म्हणाला.

मग सरांनी त्याची अशी काही हजेरी घेतली की शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसला.

घरी लेक मोबाइल घेऊन बसली होती. "बाबा, भाषणासाठी तुमची संख्या तपासत होते. तिला सदुसष्टनं भाग जातोय."

"काहीतरीच काय!"

"शेवटी एकोणनव्वद असते ना, तर खरंच सर्वांत मोठी ठरली असती."

८९वाली सरांनी तेरानं भाग जातो म्हणून तेव्हाच खोडली होती. कुठेतरी हातचा विसरला असणार. भयंकर लाज वाटली. पण लगेच पाटीवाल्याचा ओशाळलेला चेहरा आठवला आणि त्याला मिठी मारावीशी वाटली. बिचाऱ्यानं चुकून अब्रू वाचवली होती. त्यांनी घाईघाईनं फोन लावला.

"पाटी आहे तशीच राहू दे! एकोणनव्वदच बरोबर आहे!"

"आता आणखी लाजवू नका, सर. तुमची पाठ वळताच आठ काढून सात बसवला. पाटी शाळेत लागलीसुद्धा. एकोण म्हणजे एक कमी, जन्मात विसरायचो नाही!"

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी पडदा ओढला. मागच्या रांगेत पाटीवाला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. विज्ञानाच्या बाईंनी मात्र मोबाइल काढला, जरा वेळ बोटं चालवली आणि गोड आवाजात विचारलं, "सर, सदुसष्टनं भागून पाहिलं. बाकी किती उरली, सांगा बघू?"

कानावर हात ठेवता आले असते. पण याच प्रश्नाला गप्प बसणाऱ्या किती पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं.

"शून्य," सर म्हणाले आणि आपणहून बाकावर उभे राहिले.