करंजीच्या घाटात अडणारी गाडी

सम्राटच्या जपानी गाडीत खोट एकच. ती कुठंही जायची, तिसगावला तेवढी जायची नाही.

एरवी तिच्यासारखी गुणी गाडी नाही. केडगावातल्या घरापासून एमआयडीसीत कामावर, तिथून बाजारात, रविवारी कुणा पाहुण्याला घेऊन शनिशिंगणापूरला, सगळीकडे निमूट जायची. अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालणारी, त्यामुळं आवाज नाही. इतकी मुकाट यायची की रस्त्यात झोपलेली कुत्री अंगाशी आल्यावर दचकून उठायची. पण आईला मागच्या सीटवर बसवून तिसगावची वाट धरली, की करंजीच्या घाटात समोरच्या पडद्यावर लाल त्रिकोण उगवायचा, गाडीच्या यंत्रातली बाई जपानीत काहीतरी काकुळतीनं सांगायची, आणि गाडी म्हशीसारखी रस्त्याच्या कडेला बसायची.

जपानात नोकरी करून परतलेल्या पुण्याच्या एका इंजिनिअरनं ती सोबत आणली होती. त्याच्याकडून ती सम्राटनं घेतली, तेव्हा बायको माधुरीनं एवढंच विचारलं होतं, ‘‘बिघडली तर दाखवायची कुणाला?’’ सम्राट म्हणाला, जपानी वस्तू बिघडत नसते. हे वाक्य माधुरीनं जपून ठेवलं आणि पुढं हवं तेव्हा त्याला ऐकवलं. नगरात गाडीचं बॉनेट उघडणारे पुष्कळ भेटले, पण उघडून, आत बघून, मान हलवून अदबीनं बंद करणारेच सगळे. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ते हेच.

तरी ती विकावी असं त्याला वाटत नव्हतं, कारण ती घेतली होती आईसाठी. वडील, कचरू, गेल्यावर जुनं घर बंद झालं आणि दोघा भावांनी ठरवलं होतं: चांगुणाबाईंनी सहा महिने केडगावला सम्राटकडं राहायचं, सहा महिने तिसगावला धाकट्या भीमराजकडं. नियम दोघांनाही इतका रास्त वाटला की भावकीत त्यांची वाहवा झाली. आईचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी तिला चढवत नाही, म्हणून गाडी. आता केडगावचे सहा महिने केव्हाच सरले होते, भीमराज रोज वाट बघत होता, आणि आई काही तिसगावला पोचत नव्हती.

पहिल्यांदा गाडी बसली तेव्हा घाटातल्या ढाब्यावरची सगळी माणसं उठून आली. ‘‘दुसऱ्या गेरवर टाका, आमी धक्का देतो,’’ म्हणाली. सम्राटनं परोपरीनं सांगितलं की ही गाडी धक्क्यानं चालू होत नाही, हिला गेर नसतात. त्यांचा विश्वास बसेना. गेर नसलेली गाडी असते कुठं? त्यांनी उन्हात तिला ढाब्याच्या सावलीपर्यंत ढकलत नेलं आणि घाम पुसत तिच्याकडं संशयानं बघत बसली. दोन चहा होईस्तोवर गाडी आपली आपण चालू झाली. पुढं जायची सम्राटची छाती झाली नाही. त्यानं गाडी वळवली ती सरळ केडगावला.

पुणे रोडवर फैयाजचं गॅरेज होतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तो ही गाडी शिकत होता, आणि शिकायला त्याच्याकडं सम्राटचीच गाडी होती. त्यानं छोटी बॅटरी बदलली आणि छातीला हात लावून सांगितलं, ‘‘सम्राटभाऊ, आता बिनघोर जा.’’

सम्राट बिनघोर गेला आणि त्याच घाटात बसला. ढाब्यावरची माणसं या वेळी उठलीसुद्धा नाहीत, तिथूनच हात केला.

भीमराजचा फोन आला. ‘‘दादा, आईला पाठवायचं नसलं तर तसं सरळ सांग ना. गाडीचं निमित्त कशाला?’’

‘‘अरे, मी घाटात उभा आहे.’’

‘‘आमच्या हिनं तिच्यासाठी खोली रंगवून घेतली. लोक विचारतात, आई कुठंय. मी काय सांगू, जपानी बाई सोडत नाही म्हणून?’’

सम्राटला रडू यायचंच बाकी राहिलं. घरी माधुरी, तिसगावात भाऊ, ऑफिसात साहेब, सगळ्यांना त्या गाडीवर काहीतरी बोलायचं होतं. शेजारचे बन्सीकाका तर रोज सांगायचे, एक शनिवार शिंगणापूरला तेल घाल. ‘‘आपल्यात तसलं करत न्हाईत,’’ चांगुणाबाई परस्पर उत्तर द्यायच्या, आणि पुन्हा शांतपणे लसूण सोलायला लागायच्या. त्या घरात न चिडलेलं माणूस तेवढं एकच होतं.

या खेपेला फैयाजनं मागची सीटच उपटली. आईच्या बसण्याच्या बाजूला, कमरेपाशी एक जाळी होती. तिच्यातून मोठ्या बॅटरीला गार हवा जाते. त्या जाळीत जुन्या लुगड्याचं एक फडकं नीट घडी करून बसवलेलं होतं.

‘‘मावशी, हे तुम्ही घातलं?’’

‘‘व्हय. तितनं वारं वडत हुतं. पदर सुदिक वडायचं.’’

फैयाज हसत सुटला. मग त्यानं चांगुणाबाईंना समोर बसवून समजावलं, की गाडी इथून श्वास घेते, हे बुजलं की चढावर तिची बॅटरी तापते आणि ती बंद पडते.

‘‘म्हंजी नाकच हाय म्हना की,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नाकच. आता बोळा घालू नका.’’

‘‘न्हाई घालत. मला काय म्हाईत.’’

सम्राटचा जीव भांड्यात पडला. त्यानं भीमराजला फोन करून सगळं सांगितलं, दोघं भाऊ किती तरी दिवसांनी खळखळून हसले, आणि रविवारी जेवायलाच येतो असं ठरलं. माधुरीला काम होतं, म्हणून मायलेकंच निघाली. ऊन कडक होतं, पण सम्राट मजेत शीळ घालत होता.

करंजीच्या घाटात लाल त्रिकोण उगवला.

गाडी कडेला लागली. सम्राट खाली उतरला आणि त्यानं टायरला लाथ घातली. मग बॉनेट उघडलं, बंद केलं, फैयाजला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, आणि सहज म्हणून मागचं दार उघडून जाळीकडं पाहिलं. जाळी दिसत नव्हती. तिच्यावर टॉवेल कोंबलेला होता, अगदी बोटांनी दाबून दाबून.

‘‘आई, तुला फैयाजनं सांगितलं होतं ना?’’

‘‘सांगितलं हुतं.’’

‘‘मग विसरलीस?’’

‘‘न्हाई.’’

सम्राटला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि राग त्याच्या मस्तकात गेला. इतके दिवस तो मेकॅनिकांच्या पाया पडत होता, भावाचं ऐकून घेत होता, आणि इथं त्याची सख्खी आई पदराआडून गाडीचं नाक दाबत होती.

‘‘अगं, तुला यायचं नव्हतं तर सांगायचं नाही का? भीमाकडं त्रास आहे का काही?’’

‘‘तरास कसला? भीमा गुनाचा हाय, सून गुनाची हाय.’’

‘‘मग?’’

चांगुणाबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. ‘‘पयलं फडकं वाऱ्यापायीच हुतं, ह्यो टावेल जानून. केडगावात आत्ता कुठं वळखी झाल्या. सांजच्याला विहारात चार बाया वाट बगत्यात. तिकडं गेलं की सम्दं पुन्ना पहिल्यापासनं. तितं वळखी झाल्या की परत हिकडं. हितनं उचलायचं, तितं ठिवायचं. तुज्या बापानं पन्नास वर्सं मला एका जागी ठिवलं रं.’’

‘‘पण बोलायचंस ना आई.’’

‘‘कुनाला? गाडी बसली की तू खाली उतरतो, वाकून बगतो, काय झालं, काय झालं, म्हनून जीव टाकतो. तुमी दोगांनी म्हैने वाटून घेतले, तवा माज्याकडं येकानं तरी वळून बगितलं का?’’

सम्राटचा राग होता तसाच होता, फक्त तो आता आईवर राहिला नव्हता. त्यानं टॉवेल ओढून काढला. आत पंखा जोरजोरात फिरत होता.

तो दाराला टेकला. मग आयुष्यात पहिल्यांदाच विचारावं तसं चाचरत म्हणाला, ‘‘मग आता कुठं जायचं, आई?’’

चांगुणाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. ‘‘आता तिसगावालाच चल. पोरगं जेवनाचं थांबलं आसंल. मी सांगते त्याला. उन्हं उतरली की मागारी येऊ.’’

तेवढ्यात भीमराजचा फोन आलाच. ‘‘कुठवर आलात दादा? खोली झाडून ठेवलीय. आईचं सामान उतरवायला मी पोरं बोलावतो.’’

‘‘सामान नको उतरवू,’’ सम्राट म्हणाला. ‘‘आई पाहुणी येतेय.’’